मधुमेहाच्या कार्डावर यकृताचा एक रकाना

माझ्या मावशीची फाईल म्हणजे कापडाच्या दुकानातली एक पिवळी पिशवी होती. अकरा वर्षांचे केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, सगळं त्यातच. पुनंदकाठच्या गावाहून ती दर दोन महिन्यांनी कळवणला यायची, शुगर तपासायची आणि गोळ्या घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत जायची. मग एका पावसाळ्यात तिचं पोट फुगलं, पाय सुजले. नाशिकला नेल्यावर कळलं की यकृत आकसून टणक झालं आहे. ती गेल्यानंतर मी ती पिशवी जमिनीवर रिकामी केली आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे मांडले. प्लेटलेट २ लाख १० हजार, मग १ लाख ८०, मग १ लाख ५०, मग १ लाख २०. यकृत कित्येक वर्षं सांगत होतं. पण ते चार वेगवेगळ्या कागदांवर सांगत होतं आणि ते चार कागद कुणी शेजारी शेजारी ठेवले नव्हते.

त्या पिशवीमुळे हे लिहिते आहे. मागणी एकच आहे. कळवण तालुक्यात ज्या ज्या माणसाला सरकारी दवाखान्यातून मधुमेहाच्या गोळ्या मिळतात, त्याच्या कार्डावर यकृताचा एक रकाना असावा आणि तो वर्षातून एकदा भरला जावा. मुद्दे असे.

१. साखर आणि यकृत हे दोन वेगळे आजार आहेत ही समजूत आधी सोडायला हवी.

“रात्री अर्धीच भाकर खाल्ली, तरी सकाळी उपाशीपोटी शुगर एकशे सत्तर कशी?” हा प्रश्न मधुमेह असलेल्या प्रत्येक घरात विचारला जातो. उत्तर यकृतात आहे. रात्रभर आपण काही खात नाही, तरी मेंदूला साखर लागतेच. ती यकृत बनवून रक्तात सोडत असतं. पुरेशी झाली की थांब, हा निरोप इन्सुलिन देतं. यकृतात चरबी साठली की हा निरोप पोचतो, पण पाळला जात नाही. यालाच डॉक्टर इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. यकृत साखर ओततच राहतं आणि सकाळचा आकडा वर जातो.

पुढची गोष्ट जास्त वाईट आहे. निरोप पाळला जात नाही म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन पाठवतं. इन्सुलिनचा दुसरा हुकूम असतो, जादा साखरेची चरबी करून साठव. हा हुकूम मात्र यकृत अजून इमानाने पाळतं. म्हणजे इन्सुलिन जितकं जास्त, तितकी यकृतात चरबी जास्त, आणि चरबी जितकी जास्त तितका पहिला निरोप आणखी बहिरा. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी २००८ मध्ये हे दुहेरी चक्र मांडलं. यकृतातून ओसंडलेली चरबी स्वादुपिंडातही जाते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी थकवते, असं त्यांचं म्हणणं. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने डायरेक्ट या चाचणीचे निष्कर्ष दिले. मधुमेह होऊन सहा वर्षं उलटली नव्हती अशा माणसांचं वजन आहार कमी करून चांगलं उतरवलं, तेव्हा वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. यकृत मोकळं झालं की साखरही वळते, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

जगभरच्या अभ्यासांची बेरीज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. टाइप दोन मधुमेह असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के, लोकांच्या यकृतात चरबी आढळते. आणि भारतात मधुमेही किती? आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे १० कोटींवर.

२. “आमच्याकडे सगळे कष्टकरी, अंगावर मांस नाही, आम्हाला कुठला फॅटी लिव्हर?”

हे मी कनाशीपासून नांदुरीपर्यंत ऐकलं आहे आणि ते चुकीचं आहे हे दाखवणारं काम आपल्याच महाराष्ट्रात झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपलं बाळ लहान, हाडकुळं, स्नायू कमी. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बाहेरून बारीक, आतून चरबीचं. पुढे याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२.

हे चित्र कळवणच्या माणसाने नीट बघावं. आपल्या आज्यांनी आणि आयांनी दुष्काळ बघितले, गरोदरपणात डोक्यावर हंडे वाहिले, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाल्लं. त्यांच्या पोटची बाळं कमी खाण्याच्या तयारीने जन्माला आली. आता त्याच माणसाच्या दाराशी मोटारसायकल आहे, रानात ट्रॅक्टर आहे, दिवसाला सात-आठ कप गोड चहा आहे. साठवायला जागा कमी आणि आवक जास्त, मग चरबी यकृतात जाते. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप खरं बोलते. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि स्त्रीला ८० सेंटिमीटर ही इशाऱ्याची रेघ आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. आदिवासी पाड्यावरचा प्रत्येक बारीक मधुमेही असाच असतो असं नाही. लहानपणीच्या कुपोषणाने काहींचं इन्सुलिनच कमी पडतं. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने अशा मधुमेहाला टाइप पाच म्हणून मान्यता दिली. अशा माणसाला “वजन कमी कर” सांगणं घातक आहे. म्हणून आधी तपासायचं, मग सल्ला द्यायचा.

३. दारूचा डाग.

मावशीला मोठ्या दवाखान्यात पहिला प्रश्न विचारला गेला, “बाई, दारू किती वर्षं घेता?” तिने उभ्या आयुष्यात थेंब घेतला नव्हता. उत्तर तिने दिलं, पण वॉर्डातल्या बायकांनी ऐकलं ते प्रश्नापुरतंच. गावी बातमी तिच्याआधी पोचली. शेवटच्या महिन्यांत ती कुणाला तब्येत सांगेना, त्याचं कारण हे होतं.

यकृताचा आजार म्हणजे दारू, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. मोहाची दारू आणि देशी दारू यांनी आपल्या भागात माणसं मारली आहेत, ते कोण नाकारेल? पण चरबीने खराब होणारं यकृत दारू न पिणाऱ्याचंही असतं, बायकांचं असतं, माळकऱ्याचं असतं. पूर्वी या आजाराला ‘बिनदारूचा’ फॅटी लिव्हर म्हणत. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी ते नाव बदलून शरीरातल्या चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेलं नाव दिलं, त्यात हा डाग पुसण्याचाही हेतू होता. आणि ज्याला मधुमेह आहे आणि जो पितोही, त्याचं नुकसान दोन्हीकडून होतं, हेही त्याला स्पष्ट सांगावं. दवाखान्यात दारूचा प्रश्न विचारावाच लागतो. तो चार लोकांसमोर विचारू नये, एवढं तर करता येईल.

४. “रिपोर्ट नॉर्मल आहे” या वाक्याने होणारं नुकसान.

हा मुद्दा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे फॅटी लिव्हर सापडतो तो बहुतेक वेळा चुकून. मुतखड्याने पोट दुखतं, सोनोग्राफी होते, कागदावर खाली लिहून येतं, फॅटी लिव्हर, ग्रेड एक. तो कागद पिशवीत जातो. ग्रेड एक म्हणजे किरकोळ, असं समजून सगळे निर्धास्त. पण सोनोग्राफी चरबी सांगते, यकृतावर व्रण किती पडले ते सांगत नाही. थोडी चरबी असेल तर तीही तिला धड दिसत नाही. आणि माणसाचं पुढे काय होणार ते ठरतं व्रणांवर, म्हणजे फायब्रोसिसवर. दुसऱ्या बाजूला एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी. ती ठीक आली की “लिव्हर ठणठणीत” असं सांगितलं जातं. मधुमेहात यकृत चरबीने भरलेलं असूनही एसजीपीटी मर्यादेत राहू शकते.

ज्याच्या घरी कांदा चाळ आहे त्याला हे लगेच कळेल. चाळीचा वरचा थर कोरडा, लाल, देखणा असतो. सड खालून धरते. वास येईपर्यंत अर्धी चाळ गेलेली असते.

मग व्रण ओळखायचे कसे? सुई घालून तुकडा काढणं प्रत्येकाला शक्य नाही, गरजेचंही नाही. चार आकडे पुरतात. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. वयाला एसजीओटीने गुणायचं. प्लेटलेट हजारांत धरायच्या, त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचं. याला फिब-४ म्हणतात. उत्तर १.३ च्या खाली आलं तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेलं तर यकृताच्या डॉक्टरकडे लगेच पाठवायचं. मधलं आलं तर पुढची तपासणी करायची. पासष्टीच्या पुढे १.३ च्या जागी २ धरतात, आणि पस्तिशीच्या आतल्या माणसाला हे गणित नीट लागू पडत नाही.

मावशीच्या पिशवीतला एक रिपोर्ट घेऊन मी हे करून बघितलं. वय ५८. एसजीओटी ४०. एसजीपीटी ३६. प्लेटलेट १ लाख ५० हजार. एकूणएक आकडा मर्यादेत, कुठेही लाल खूण नाही, खाली ‘नॉर्मल’ असा शेरा. ५८ गुणिले ४० म्हणजे २३२०. ३६ चं वर्गमूळ ६, गुणिले १५० म्हणजे ९००. भागाकार २.५८. उत्तर मधलं, म्हणजे तिची पुढची तपासणी त्याच दिवशी सांगायला हवी होती. पोटात पाणी भरायला तेव्हा तीन वर्षं बाकी होती.

शेजारी दुसरं उदाहरण ठेवते. वय ४५, एसजीओटी ३०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट अडीच लाख. उत्तर ०.९. या माणसाला घाबरवायचं कारण नाही, जेवणाचं आणि चालण्याचं सांगून ठरलेल्या वेळी पुन्हा बघायचं. दोघांची एसजीपीटी सारखीच आहे, हे लक्षात घ्या.

प्लेटलेट हा शब्द डेंगूमुळे आपल्या घराघरांत पोचला आहे. ताप आला की लोक रोज मोजून घेतात. ताप नसतानाही वर्षानुवर्षं हळूहळू उतरत जाणाऱ्या प्लेटलेट यकृताबद्दल काही सांगत असतील, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

५. सरकारने हे मान्य केलं आहे, आपण नवीन काही मागत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या सुधारून, प्रशिक्षणाच्या पुस्तिकेसह, पुन्हा काढल्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो तक्ता आशाताई घरोघरी जाऊन भरतात, त्यात कमरेचं माप आधीपासूनच आहे. राज्यात महालॅबच्या योजनेतून सरकारी केंद्रांवरच्या रक्ततपासण्या मोफत होतात. अमेरिकेच्या मधुमेह संघटनेनेही यकृताचे आकडे नॉर्मल असले तरी टाइप दोनच्या प्रत्येक प्रौढाचं फिब-४ काढा, असं सांगितलं आहे.

म्हणजे माप आहे, रक्त आहे, आदेश आहे. हे तिन्ही एका कार्डावर एकत्र आणायचं काम तालुक्याचं आहे.

६. पाड्यांवर एचबीए१सी जपून वाचा. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ही तपासणी लाल पेशींवर अवलंबून असते. सिकलसेलमध्ये त्या पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो. लोह कमी असलेल्या पंडुरोगात तो खोटा जास्त येऊ शकतो. आपल्या आदिवासी पट्ट्यात दोन्ही आहेत. तेव्हा हिमोग्लोबिन शेजारी ठेवल्याशिवाय आणि उपाशीपोटीची साखर बघितल्याशिवाय “तुझी शुगर छान आहे” असं म्हणू नये.

७. जेवणाबद्दल.

इथे उपदेश देणारे फार आहेत, म्हणून मोजकंच. यकृताला सगळ्यात जास्त त्रास साखरेतल्या अर्ध्या भागाचा, फ्रुक्टोजचा होतो. त्याचा बहुतेक भार यकृतावरच पडतो आणि जास्त झालं की त्याची चरबी होते. गुळातही तेच आहे. “साखर बंद केली, आता गुळाचा चहा घेतो” असं सांगणाऱ्या प्रत्येक भावाला हात जोडून सांगते, यकृताला दोन्हीत फरक नाही. रसवंतीचा ग्लास, थंड पेयाची बाटली, चहासोबतचा बिस्किटाचा पुडा, हे पहिल्यांदा सुटायला हवं. पाहुण्याला बिनसाखरेचा चहा देणं म्हणजे अपमान, हा रिवाज बदलायचा तर सुरुवात ग्रामपंचायतीच्या आणि बाजार समितीच्या चहापासून करता येईल.

नागलीबद्दल मला प्रेम आहे. आमच्या घरी नागलीची भाकर आणि उडदाची डाळ हेच रोजचं जेवण होतं. पण नागली औषध नाही. तिच्यातही पिठूळपणा आहेच, चार भाकरींनी साखर वाढेलच. फायदा असा की ती सावकाश पचते, लवकर पोट भरते आणि तिच्यासोबत डाळ, हुलगे, रानभाजी ताटात येते. रेशनवर पांढरा तांदूळ आणि गहू फुकट मिळायला लागल्यावर नागली घरातून बाजारात गेली. आदिवासी विकास महामंडळाचं मुख्यालय नाशिकलाच आहे आणि प्रकल्प कार्यालय तर कळवणलाच. कळवण-सुरगाण्याच्या डोंगरातली नागली विकत घेऊन आधी इथल्याच आश्रमशाळांच्या आणि रेशनच्या ताटात आणण्याचं नियोजन या दोघांनी करावं. लहान वयात जीभ ज्याला सरावते ते आयुष्यभर टिकतं.

वजनाचे आकडेही मोजकेच. ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलो कमी झाले की यकृतातली चरबी उतरू लागते. ५ ते ७ किलो गेले तर सूज कमी होते, आणि दहा टक्के किंवा जास्त वजन गेलं तर पडलेले व्रणही काही जणांत मागे फिरतात. बारीक माणसाला याहून कमी पुरतं. जेवल्यावर वीस मिनिटं चालायला पैसे लागत नाहीत, पण रात्री दिवे नसलेल्या रस्त्यावर बाई चालणार कशी? नगरपंचायतीने आणि ग्रामपंचायतींनी दिव्यांचा विषय आरोग्याच्या खात्यातही लिहावा.

८. लिव्हर टॉनिक आणि काढे. चरबीवरचा उपाय म्हणून बाटल्या विकत घेण्यात गरीब माणसाचे पैसे जातात, आणि प्रत्येक झाडपाला निरुपद्रवी नसतो. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. वाद तज्ज्ञांचा आहे, तो ते लढतील. मधुमेही माणसाने काय काय घेतो ते डॉक्टरला सांगावं आणि डॉक्टरने न रागावता ऐकावं, एवढं त्यातून आपण घेऊ. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नये. ती यकृताचे व्रण भरून काढत नाही, पण साखरेसाठी लागतेच.

९. दोन आक्षेप ऐकले, दोन्ही प्रामाणिक आहेत.

पहिला आक्षेप, डॉक्टरांना वेळ नाही. खरं आहे. ओपीडीच्या रांगा मी बघितल्या आहेत. पण हे गणित डॉक्टरांनी करायचंच नाही. नमुना प्रयोगशाळेत जातो तेव्हा तिन्ही आकडे तिथल्या संगणकातच असतात आणि वय फॉर्मवर असतं. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ जास्त छापून आली की काम झालं. तोवर समुदाय आरोग्य अधिकारी किंवा सिस्टर मोबाईलवर एका मिनिटात करू शकतात.

दुसरा आक्षेप, शोधून काय करणार, औषध कुठे आहे? कळवणला आज मिळणारं उत्तर असं. १.३ च्या खालच्या माणसाला आहार, चालणं, दारू बंद आणि पुन्हा तपासणी. वरच्यांची एकदा हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी, जी राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहे, आणि यकृताचा टणकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन. सगळ्यांचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल, कारण फॅटी लिव्हरचा माणूस यकृतापेक्षा हृदयविकाराने जास्त वेळा दगावतो. व्रण खूप असतील तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटायच्या आधी दुर्बिणीने बघता येतात आणि कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करता येते. मावशीला पहिली रक्ताची उलटी झाली तेव्हा आम्ही वणीच्या घाटात होतो. हे आधी कळलं असतं तर ती रात्र टळू शकली असती.

१०. कुणी काय करावं.

उपजिल्हा रुग्णालयाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी मधुमेहाच्या कार्डावर चार घरांचा रकाना घ्यावा: तारीख, कंबर, प्लेटलेट, फिब-४. मागच्या वर्षीचा आकडा त्याच ओळीच्या वर दिसला पाहिजे, म्हणजे उतरण डोळ्यांना दिसेल. जिल्हा आरोग्य यंत्रणेने तीन महिन्यांतून एक दिवस फायब्रोस्कॅन यंत्र कळवणला आणावं. नाशिकला जायचं म्हणजे रोजंदारी बुडते, भाडं लागतं आणि सोबतीला आणखी एक माणूस लागतो. ज्यांना पाठवायचं त्यांची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे असावी आणि कोण गेलं, कोण गेलं नाही, हे आशाताईंनी विचारावं. या जादा कामाचा मोबदला त्यांना वेगळा मिळावा, फुकट राबवू नये. पंचायत समितीने या यादीचे एकूण आकडे, नावं न देता, वर्षातून एकदा सभेत वाचावेत.

सुरुवात उन्हाळ कांदा निघायच्या आधी करावी. मार्च उजाडला की माणसं रानातून हलत नाहीत, आणि चाळी भरून होईपर्यंत आजारी माणूसही दुखणं सांगत नाही. मावशीनेही त्या वर्षी सांगितलं नव्हतं. पाय सुजले होते, तरी ती चाळीच्या सावलीत बसून कांदा निवडत होती.